तुम्ही विचारलंत म्हणून: बीटनिकांचा आणि हॉट रॉड गाड्यांचा संबंध काय?

माझ्या गॅरेजमध्ये टूलबॉक्सच्या झाकणावर एक चित्र रंगवलेलंय. डोक्यावर बेरे टोपी, हनुवटीला बोकडदाढी, मांडीत बोंगो ढोलक्या आणि मागे बिनछपराची जुनी फोर्ड. इथे कॅलिफोर्नियात आमच्याकडे जेवायला आलेलं कुणीही, त्यातून मराठी साहित्य वाचणारं कुणी असेल तर हमखास, ते बघतं आणि विचारतं की हा बीटनिक ना, म्हणजे ते गिन्सबर्ग वगैरे कवी, मग त्यांचा आणि या गाड्यांचा संबंध काय? प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण आपल्याकडे बीट, म्हणजे १९५० च्या दशकातली बंडखोर अमेरिकन लेखकांची पिढी, म्हटलं की कवीच आठवतात. गिन्सबर्ग १९६२ च्या फेब्रुवारीत बोटीने मुंबईला उतरला होता, कोलटकर, अशोक शहाणे यांच्याशी त्याची ओळख झाली, लघुनियतकालिकांच्या इतिहासात ते सगळं येतंच. पण दर वेळी ताटं मांडेपर्यंत माझं उत्तर अर्धंच होतं, म्हणून आज नीट लिहितोय.

हॉट रॉड म्हणजे काय ते आधी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं स्वस्तात मिळणाऱ्या फोर्ड मॉडेल टी नाहीतर मॉडेल ए घ्यायची, मडगार्डं उतरवायची, छप्पर कापून बुटकं करायची आणि आत मिळेल ते मोठं इंजिन कोंबायची. १९३२ ला फोर्डने व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांचं इंजिन काढलं, २२१ क्युबिक इंच, म्हणजे साधारण ३.६ लिटर, ६५ हॉर्सपॉवर, आणि साध्या माणसाला परवडेल अशी ताकद पहिल्यांदा रस्त्यावर आली. म्युरॉक, एल मिराज अशी कोरडी पडलेली तळी आहेत वाळवंटात, तिथे जाऊन ही पोरं गाड्या पळवायची आणि वेळ मोजायची. ही माणसं कामगार होती, लेथवर, वेल्डिंगवर हात बसलेली, पुढे बरीचशी युद्धावरून परत आलेली. कवितेशी त्यांचं देणंघेणं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर कवींनाही या गाड्यांचं काही पडलेलं नव्हतं. बीट लेखक जॅक केरुअॅकच्या १९५७ च्या 'ऑन द रोड' कादंबरीत पानोपानी गाडी आहे, पण ती कोणती, तर १९४९ ची हडसन, शोरूममधून कोरी घेतलेली. नील कॅसडी, ज्याच्यावरून त्यातला नायक उभा केलाय, तो ती गाडी अक्षरशः तुटेपर्यंत दामटतो. त्याला गाडी कुठेतरी जायला हवी होती. हॉट रॉडवाल्याला गाडी बनवायला हवी असते, कुठे जायचं हा प्रश्न त्याला फारसा पडत नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि म्हणून कुणी म्हणालं की बीट साहित्य वाचून हॉट रॉड घडले तर मी लगेच नाही म्हणतो. जे काही आलं ते पुस्तकातून नाही आलं, टीव्हीतून आलं आणि त्याहून जास्त ब्रशातून आलं.

मुळात बीटनिक हा शब्दच कवींचा नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रॉनिकल पेपरात हर्ब केन नावाचा स्तंभलेखक होता, त्याने २ एप्रिल १९५८ ला तो छापला, आदल्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुतनिक वर गेला होता, त्याचं निक घेऊन बीटला चिकटवलं. आणि ती टोपी, ती दाढी, ते कूल आणि डिग असले शब्द, हे सगळं त्याच्याही आधीपासून काळ्या जॅझ वादकांचं होतं, डिझी गिलेस्पीचे चाळीसच्या दशकातले फोटो बघा, टोपी, दाढी, जाड काड्यांचा चष्मा, सगळं तिथेच आहे. हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण नंतरच्या चित्रांतून ती माणसं पुसली गेली आणि टोपी तेवढी उरली.

मग टीव्ही. १९५८ च्या ऑक्टोबरात ७७ सनसेट स्ट्रिप नावाची डिटेक्टिव्ह मालिका सुरू झाली, त्यात कुकी म्हणून एक पोरगा, क्लबच्या बाहेर लोकांच्या गाड्या लावायचं काम करणारा, सतत केसातून कंगवा फिरवणारा आणि पूर्ण बीटनिक भाषेत बोलणारा. आता गंमत बघा, केरुअॅकचा नायकसुद्धा न्यूयॉर्कमध्ये पार्किंगमध्ये गाड्या लावतो, आणि ते वर्णन त्या कादंबरीतल्या उत्तम पानांपैकी आहे. कुणी कुणाचं उचललं असं मी म्हणत नाही, पण कुकी ज्या गाडीत बसायचा ती हॉट रॉड होती, नॉर्म ग्रॅबोव्स्कीने स्वतः बांधलेली, १९२२ च्या मॉडेल टीची बॉडी आणि आत कॅडिलॅकचं व्ही-८. त्याआधी १९५७ ला ती लाइफ साप्ताहिकातही झळकली होती. म्हणजे अमेरिकेच्या घराघरात दर आठवड्याला बीटनिक बोली आणि हॉट रॉड एकाच फ्रेममध्ये दिसायला लागले. तिथून त्या दोघांची गाठ पक्की बसली.

आता ब्रश, ज्यासाठी मी खरं हे लिहितोय.

केनेथ हॉवर्ड, जगाला माहीत असलेलं नाव वॉन डच, जन्म १९२९, बाप लॉस एंजेलिसमध्ये साइनबोर्ड रंगवणारा. याने गाड्यांवर पिनस्ट्रायपिंग सुरू केलं, म्हणजे बॉनेटवर, डिकीवर, डॅशबोर्डवर हाताने काढलेल्या केसासारख्या बारीक रेषा. सुरुवातीला म्हणे बॉडीवर ग्राइंडिंगचे ओरखडे राहायचे ते झाकायला. गिऱ्हाइकाने अमुक काढ म्हणायचं नाही, किती वेळाचे पैसे देणार ते फक्त सांगायचं, मग तो त्याच्या मनाने काढणार, असं त्याच्याबद्दल अजून सांगतात. पंख फुटलेला उडता डोळा ही त्याची खूण. पैशाबद्दल तिटकारा, पुढे बसमध्येच संसार. कवींशी त्याचा काही संबंध असो नसो, कॅफेत बसून लोक ज्याच्या गप्पा मारत होते तसं हा माणूस जगत होता, आणि त्याच्या पाठोपाठ गाडीवर रेष मारणारा प्रत्येक पोरगा स्वतःला कारागीर म्हणता म्हणता कलावंत समजायला लागला. माझ्या मते बीटचा खरा परिणाम हा आहे, टोपी नाही.

ही रेष काढताना मी जवळून बघितलीय. ब्रशाची दांडी करंगळीएवढी आखूड आणि केस मात्र लांबलचक, खारीच्या शेपटीचे, तलवारीच्या पात्यासारखे तिरके कापलेले. इनॅमल गुळगुळीत कागदावर घेऊन ब्रश पुढेमागे, पुढेमागे ओढायचा, रंग केसात सारखा मुरेपर्यंत. मग करंगळी पत्र्यावर टेकवायची, मनगट हलू द्यायचं नाही, आणि रेष हाताने नाही तर अख्ख्या अंगाने ओढायची, माणूस गाडीच्या कडेने उलटा चालत जातो. मधे कुणी बोलत नाही. डावी बाजू झाली की तीच नक्षी उजवीकडे, मापाशिवाय, नजरेने. जॅझमध्ये जसं सूर धरून मनाने जातात तसं ते दिसतं, ही तुलना खूप जण करतात, पण समोर उभं राहिलात की ती तुमची तुम्हालाच सुचते.

एड रॉथ, बिग डॅडी, हाही स्ट्रायपिंग करतच पुढे आला. त्याने जत्रेत, रेसच्या मैदानात राक्षसांची चित्रं काढलेले टीशर्ट विकले, रॅट फिंक नावाचा तो ओंगळ हिरवा उंदीर त्याचाच, आणि १९६१ च्या सुमारास एक गाडी केली तिचं नाव ठेवलं बीटनिक बँडिट. १९५० च्या ओल्ड्समोबीलची चेसिस कापून आखूड केली, इंजिनही ओल्ड्सचंच, वर सुपरचार्जर, फायबरग्लासची बॉडी हाताने घडवलेली, छपराच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिकचा फुगा. आणि आत स्टिअरिंगच नाही! मधोमध एक दांडी, वळायचं, वेग घ्यायचा, ब्रेक मारायचा, सगळं तिनेच. १९६८ ला हॉट व्हील्सने पहिल्या सोळा खेळण्यातल्या गाड्या काढल्या त्यात ही होती, म्हणजे जगभरच्या पोरांनी बीटनिक हा शब्द कवितेच्या आधी खेळण्यावर वाचला असणार. मूळ गाडी नेवाडातल्या रीनोच्या नॅशनल ऑटोमोबाइल म्युझियममध्ये आहे. मी तिच्यासमोर बराच वेळ उभा होतो, ती दांडी बघत. कुठल्याही कंपनीच्या इंजिनिअरने हे होऊ दिलं नसतं, मी स्वतः इंजिनिअर आहे म्हणून सांगतो, मिटिंगमध्येच मेलं असतं. एका साइन पेंटरने ते केलं कारण त्याला विचारायला कुणी नव्हतं.

मग हे थांबलं कसं, तर १९६४ ला पाँटियाक कंपनीने जीटीओ ही ताकदवान गाडी आणली, वेग थेट शोरूममध्ये हप्त्यावर मिळायला लागला, गॅरेजमध्ये रात्री घालवायची गरजच उरली नाही. आणि साधारण त्याच वर्षांत बीटनिक मावळून हिप्पी आले. नील कॅसडी तर १९६४ मध्ये कादंबरीकार केन किसीच्या रंगीबेरंगी बसच्या स्टिअरिंगवर होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी संपल्या, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

कारण नंतर सत्तर-ऐंशीच्या दशकात हॉट रॉड गुळगुळीत झाले, एसी, चकचकीत अॅल्युमिनियम, फिकट गुलाबी रंग, ट्रेलरवर ठेवून प्रदर्शनाला न्यायचे. त्याचा वीट येऊन नव्वदीत नवी पोरं, बरीचशी पंक आणि रॉकबिली ऐकणारी, मागे वळली, काळा प्रायमर, लोखंडी रिमं, जुन्या पद्धतीचे टायर, फोर्डचं ते जुनं फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन. ट्रॅडिशनल म्हणजे १९६५ च्या आधी जे मिळत होतं तेवढंच, असा नियम बहुतेक जण पाळतात. आणि १९६५ च्या त्या सीमेच्या आधी कोण उभं होतं? बीटनिक. म्हणून क्लबांच्या जॅकेटवर, पोस्टरवर तो परत आला, दक्षिण कॅलिफोर्नियात बीटनिक्स नावाचा क्लबच आहे. रॉथकडे काम केलेला चित्रकार रॉबर्ट विल्यम्स, त्याने १९९४ मध्ये जक्स्टापोझ मासिक काढण्यात पुढाकार घेतला आणि हीच चित्रकला गॅलरीच्या भिंतीवर नेली. आजच्या पोरांतल्या काहींना बीटनिक म्हणजे नुसता ड्रेस वाटतो हे मला खटकतं, पण त्यातलाच एखादा पोरगा रात्री अकराला वेल्डिंग करत बसलेला दिसतो तेव्हा माझी तक्रार राहत नाही.

टूलबॉक्सवरचं ते चित्र एका म्हाताऱ्या स्ट्रायपरने काढलंय. मी काय काढायचं ते सांगायला लागलो तर त्याने हात वर करून थांबवलं, दीड तासाने ये म्हणाला. आलो तर बोंगो, टोपी, दाढी, फोर्ड सगळं झालेलं, आणि फोर्डच्या दारावर तो माझ्या आडनावाचं पहिलं अक्षर काढत होता, देवनागरीत, माझ्या डब्यावरच्या लेबलवर बघून.