मोजे पण काढा

इथे मेलबर्नला उन्हाळा आला की स्किन चेकचा, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरच्या तपासणीचा विषय निघतोच आणि आपली मंडळी दरवेळी तेच म्हणतात, ते गोऱ्यांचं काम रे, आपल्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर आहे. अर्धं खरंय ते. आपल्या कातडीला मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर, खूपच कमी होतो. पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली होतो, आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो, मग सनस्क्रीन फासून टोपी घालून काय उपयोग. रेगे गायक बॉब मार्लीला हाच झाला होता, १९७७ साली पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली निघाला, १९८१ ला गेला, वय फक्त ३६.

माझ्या तळपायावर एक तीळ आहे. आई लहानपणापासून म्हणायची परदेशयोग आहे हो पोरीला, तो काय आला खरा! यावेळी जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला मुद्दाम दाखवला, त्याने डर्माटोस्कोप (कातडी मोठी करून दाखवणारं भिंग) लावून मलाच स्क्रीनवर दाखवलं. तळव्याला बारीक रेघा असतात ना, तर तिळाचा रंग त्या रेघांच्या खाचांमध्ये असेल तर सहसा साधा तीळ, आणि मधल्या उंचवट्यांवर पसरला असेल तर संशय. माझा खाचांमधला निघाला. भारी वाटलं मला हे, एवढ्याशा ठिपक्यात एवढं वाचता येतं. घरी मात्र हे दिसत नाही, त्यामुळे मी आपला शेजारी पट्टी ठेवून फोटो काढून ठेवलाय, वाढला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, रंग बदलला, रक्त आलं तर लगेच कळेल.

नखावर उभी काळपट रेघ आपल्यात बऱ्याच जणांना असते, चार नखांवर असेल तर सहसा घाबरायचं कारण नाही. एकाच नखावर नवीन आली, रुंद होत चालली किंवा रंग नखाबाहेर कातडीवर उतरला तर मात्र ताबडतोब स्किनच्या डॉक्टरकडे जा. आणि हो, चेकला जाताना नेलपॉलिश काढून जा.

आपल्याकडे तर तळपायाला काही काळं दिसलं की कुरूप म्हणून कॉर्न कॅप लावतात नाहीतर ब्लेडने कापत बसतात, ते बघून खरंच डोकं फिरतं. बाबांना शुगर आहे म्हणून पाय रोज तपासतातच, आता मी पुण्याला गेले की त्यांच्या तळव्यांचे पण फोटो काढून ठेवणारे.