जुना लॅपटॉप रिपेअर करायचा की नवा घ्यायचा: माझा अनुभव

मी सांगलीत घरूनच मराठी डीटीपीची, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं जुळवायची, कामं करते. पुस्तकं, पत्रिका, संस्थांचे अहवाल, आणि पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंक. माझा लॅपटॉप 2017 चा, आय फाइव्ह, सातवी जनरेशन, 4 जीबी रॅम आणि 1 टीबीची साधी फिरणारी हार्डडिस्क. 2025 च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर, त्याने अगदीच मान टाकली. चालू होऊन डेस्कटॉप दिसेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, पेजमेकरमध्ये (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) पान पलटलं की नुसतं गोल गोल फिरत राहायचं, आणि त्यात टचपॅड एका बाजूने वर आल्यासारखा झाला, क्लिकच होईना. दोन दिवाळी अंक हातात होते, आणि 14 ऑक्टोबरला विंडोज 10 चा सपोर्ट संपणार, म्हणजे सिक्युरिटी अपडेट बंद होणार, हे सगळीकडे येत होतंच, त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच, आता नवाच घे.

पण माझी अडचण वेगळी होती. माझी पंधरा-सोळा वर्षांची कामं पेजमेकरमध्ये आणि श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. हे फॉन्ट युनिकोड (कुठल्याही मशीनवर अक्षरं वाचता येणारी पद्धत) नाहीत, म्हणजे ती फाइल तसा फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली तर अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. कन्व्हर्टर आहेत, मी वापरतेही, पण कन्व्हर्ट केलेल्या मजकुराचं प्रूफ पुन्हा ओळन्‌ओळ बघावं लागतं कारण रफार सरकतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला जाते, जोडाक्षरं तुटतात. तीनशे पानांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली तर हे काम फुकटात कोण करणार? शिवाय माझं श्रीलिपीचं व्हर्जन जुनं, डोंगलवर (मशीनला लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर) चालणारं, आणि विंडोज 11 वर ते नीट चालेल अशी खात्री मला कुणी देईना. त्यामुळे नव्या लॅपटॉपचा खर्च माझ्यासाठी फक्त लॅपटॉपचा नव्हता, नवं सॉफ्टवेअर आणि जुन्या फाइलींची मेहनतही त्यात धरावी लागत होती.

पहिल्या दुकानात त्यांनी मशीन न उघडताच सांगितलं, बोर्ड (मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी आतली मुख्य पट्टी) गेलाय, बारा हजार लागतील, त्यापेक्षा एक्सचेंजमध्ये नवा घ्या. मला ते पटलं नाही. बोर्ड गेलेलं मशीन बंद पडतं, मधेच ऑफ होतं, डिस्प्ले देत नाही, माझं तर चालत होतं, फक्त भयंकर स्लो. म्हणून घरी येऊन आधी स्वतः तपासायचं ठरवलं, आणि माझं सगळ्यांना हेच सांगणं आहे की दुकानात जायच्या आधी एवढं घरी बघाच, याला पैसे लागत नाहीत.

टास्क मॅनेजर (मशीनमधलं काय किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजची सोय) उघडला तर काहीच चालू नसताना डिस्क 100 टक्के, प्रोसेसर मात्र दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे प्रोसेसर बिचारा डिस्कची वाट बघत बसलेला. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं, त्यात डिस्कसमोर पिवळ्या रंगात कॉशन आलं, रिअ‍ॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर दोन्ही दिसत होते. डिस्कचे काही भाग खराब झालेत आणि काही वाचताना अडकतायत असा त्याचा अर्थ. हे बघितल्यावर बाकी सगळं सोडून पहिल्यांदा सगळी कामं बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी केली, चालू अंकांच्या फाइली पेनड्राइव्हवरही घेतल्या, काही जुन्या फाइली खूप वेळ घेत होत्या पण आल्या. पिवळं दिसलं की डिस्क अजून किती दिवस चालेल याचा अंदाज बांधत बसू नका, डेटा आधी काढा.

मग कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport लिहून बॅटरीचा रिपोर्ट काढला. मूळ क्षमता साधारण 41 हजार मिलिवॅट-अवर, आता पूर्ण चार्ज होऊन 16 हजार. आणि टचपॅड वर येण्याचं कारणही तेच निघालं, खालची बॅटरी फुगली होती. हे मात्र खरंच धोक्याचं. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला लावायची नाही आणि कचऱ्याच्या गाडीत तर अजिबात टाकायची नाही.

माझ्या ओळखीच्या एका प्रेसवाल्या काकांनी गावभागातल्या एका मेकॅनिकचं नाव सुचवलं होतं, त्यांच्याकडे हे सगळं लिहून घेऊन गेले. त्यांनी माझ्यासमोर मशीन उघडलं, बॅटरी आधी काढून बाजूला ठेवली आणि चार्जरवर मशीन लावून बघितलं. म्हणाले, "ताई, बोर्ड ठणठणीत आहे, बिजागऱ्या चांगल्या आहेत, स्क्रीनला डाग नाही, रॅमचा एक स्लॉट रिकामाच आहे. बोर्ड गेला असता तर मीच तुम्हाला नको म्हणालो असतो." मी विचारलं, दादा, बोर्ड गेला तर का नको? तर म्हणाले जुना बोर्ड मिळतो तो दुसऱ्या मशीनमधून काढलेला, त्याची गॅरंटी कोण देणार, आणि विंडोजचं लायसन्स बोर्डाला जोडलेलं असतं, बोर्ड बदलला की ते पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करायची कटकट. डिस्क बदलली तर तसं होत नाही, नवं विंडोज टाकून नेट लावलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. माझं तसंच झालं.

मी मनाशी एक मर्यादा ठरवली होती, माझ्या कामाला लागणारा नवा लॅपटॉप तेव्हा 55 हजारांच्या घरात होता, त्याच्या पाव भागापेक्षा जास्त खर्च जुन्यावर करायचा नाही. 500 जीबीचा साटा एसएसडी (फिरणाऱ्या हार्डडिस्कच्या जागी बसणारी, आत काहीच न फिरणारी डिस्क) 3,200, 8 जीबी रॅम 2,100, बॅटरी 2,400, आणि पंखा साफ करून थर्मल पेस्ट लावणं, विंडोज टाकणं याचे 800, एकूण 8,500. रिकाम्या स्लॉटमुळे जुनी 4 जीबी तशीच राहिली, म्हणजे आता 12. ज्यांच्या मशीनमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि स्लॉट नसतो त्यांचं हे गणित जमणार नाही, ते आधी बघून घ्या.

फरक एवढा पडला की मला स्वतःला विश्वास बसेना. साधी हार्डडिस्क सेकंदाला शंभरेक एमबी वाचते, साटा एसएसडी पाचशेच्या वर, आणि छोट्या छोट्या फाइली उघडताना तर त्याहून जास्त फरक जाणवतो. माझे शेकडो फॉन्ट लोड होतात तरी मशीन अर्ध्या मिनिटात तयार. डोंगल लावला, ड्रायव्हर टाकला, जुनं पुस्तक उघडलं, एक काना इकडचा तिकडे नाही. दोन्ही अंक वेळेत प्रेसला गेले.

विंडोजचा प्रश्न राहिलाच. विंडोज 11 ला इंटेलची साधारण आठव्या जनरेशनपासूनची मशीन लागतात, माझी सातवी, त्यामुळे ते अधिकृतपणे बसत नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सिक्युरिटी अपडेट वाढवून दिलेत, त्यांच्या अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला की पैसे न देता मिळतात, ते मी करून घेतलं. भाच्याने लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाक म्हणून सुचवलं, नुसतं नेट आणि लिखाण असेल त्यांच्यासाठी ते खरंच चांगलं आहे, पण माझं पेजमेकर आणि डोंगल तिथे चालवणं म्हणजे नवी डोकेदुखी.

म्हणून आता असं ठरवलंय की हाती येणारं प्रत्येक नवं काम युनिकोडमध्येच करायचं. 2026 चे अंक संपले की त्यांच्या पैशातून नवा लॅपटॉप घ्यायचा, बँक, मेल, क्लायंटच्या फाइली सगळं त्यावर. जुन्याचं वायफाय बंद करून तो फक्त जुन्या पुस्तकांच्या आवृत्त्यांसाठी ठेवायचा. फुगलेली बॅटरी मेकॅनिकदादांनी ई-कचरा नेणाऱ्यांना द्यायला ठेवून घेतली, जुनी हार्डडिस्क मात्र मी परत मागून आणली, त्यात लोकांची अप्रकाशित हस्तलिखितं आहेत.