जुगाराचा सेस

22 ऑगस्ट 2025, शुक्रवार. गणपती पाच दिवसांवर आलेले, बाजीराव रोडवर मांडवांची ठोकाठोक आणि इन्कम टॅक्स रिटर्नची मुदत 15 सप्टेंबरची. ऑफिसात बसायला जागा नव्हती. त्यात हिंजवडीत नोकरी करणारा एक पोरगा तावातावाने आला. "सर, काल राज्यसभेत बिल पास झालं, पैशाचे ऑनलाइन गेम बंद. मग माझ्या जिंकलेल्यावर टॅक्स कसला?"

एआयएस उघडलं, म्हणजे टॅक्स खात्याकडची त्याच्या वर्षभराच्या कमाईची नोंद. गेल्या आर्थिक वर्षात अ‍ॅपवर क्रिकेटची टीम लावून जिंकलेला, 30 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे हातात येण्याआधीचा टॅक्स, कापलेला. जिंकलेलं सगळं यंदाच्या आयपीएलमध्ये घालवलं होतं. "मग तो तोटा वजा करा की!"

"होत नाही रे. मागे नेता येत नाही, पुढेही ओढता येत नाही."

बाकावरचे लॉटरीवाले काका, माझे जुने अशील, मध्येच म्हणाले, "साहेब, आमचंपण बंद का?"

"नाही काका, तुमची महाराष्ट्र राज्य लॉटरी. 1969 पासूनची."

पोरगा उसळला. "म्हणजे यांचं नशीब कायदेशीर आणि माझी टीम बेकायदा?"

"आमच्या तिकिटावर सरकारचं नाव असतं, बाळा," काका शांतपणे म्हणाले. पुढे त्याला बोलताच येईना. (कॅम्पात घोड्यांच्या रेसचा सीझन चालू होता, तो विषय मी काढलाच नाही.)

मला विचाराल तर नीतीचा प्रश्न नंतर येतो, आधी तिजोरी. गोव्याने 1992 मध्ये जुगाराच्या कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत मशिनं येऊ दिली, मग मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी आल्या. विरोधात असताना कॅसिनोवर तुटून पडायचं आणि सत्तेत आल्यावर परवान्यांना मुदतवाढ द्यायची, हे तिथे सवयीचं. महाराष्ट्राने कॅसिनोचा कायदा 1976 मध्येच केला, पण तो कधी लागूच केला नाही. लागू करायची हिंमत नाही, रद्द करायची घाई नाही. 2023 मध्ये रद्द केला. दारू आणि स्टॅम्प ड्युटीचा पैसा येत असला की संस्कृती जपणं परवडतं. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून ऑनलाइन गेमच्या डिपॉझिटवर 28 टक्के जीएसटी लागला, त्यात केंद्र आणि राज्य दोघांचा वाटा. दोन वर्षं व्हायच्या आत बंदी.

टीडीएसमध्ये 4 टक्के सेस, म्हणजे टॅक्सवरचा टॅक्स, येत नाही; पोराचा तो बाकी होता. बिलावर राष्ट्रपतींची सही त्याच दिवशी झाली आणि त्याच दिवशी पोराने यूपीआयवरून सेसचं चलन भरलं. काकांनी विचारलं, "आता काय खेळणार?" तो म्हणाला, "एक तिकीट द्या."