बर्फात गाडी चालवायला शिकले, माझा अनुभव

माहेर कराडचं, गाडी शिकवली बाबांनी, तीपण कुंभार्ली घाटात ऐन पावसाळ्यात. त्यामुळे जर्मनीत ऑग्सबुर्गला आल्यावर मला वाटायचं की निसरडा रस्ता काय असतो ते आपल्याला माहितीये. इथे भारतातलं लायसन्स सहाच महिने चालतं, मग थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही देऊन इथलं काढलं, पण परीक्षा जुलैत, बर्फाची प्रॅक्टिस होणार कुठून.

इथे सगळे सांगतात 'ओ ते ओ', म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न (ईस्टर), तेवढे महिने विंटर टायर. कायद्यात तारीख नाहीये, रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असेल तर टायर तसे पाहिजेत, बस. मी गॅरेजला फोन केला तोवर नोव्हेंबर उजाडला होता, दोन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. आणि नेमकं त्या दोन आठवड्यांतच झालं.

सकाळी पावणेसात, अंधार, बर्फ वगैरे काही पडलेला नाही, रस्ता नुसता ओला दिसतोय. गाडीने टिंग करून 3 डिग्री दाखवलं, मी बघितलं आणि सोडून दिलं. झाडीतला रस्ता, मग छोटा पूल, पुलाला लागूनच राउंडअबाउट. पुलावर ब्रेक दाबला तर गाडी थांबेचना. पायाखाली पेडल थडथडायला लागलं, काहीतरी तुटलं असं वाटून मी पाय उचलला (ते एबीएस होतं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, तेव्हा पाय उचलायचाच नसतो), परत दाबला, स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी गाडी सरळच चालली आणि पुढचं चाक फुटपाथच्या कडेवर जाऊन आदळलं. समोर कोणी नव्हतं. मागे माझा पाच वर्षांचा मुलगा बसलेला, त्याला काही झालं नाही, पण माझे हात ऑफिसात पोचेपर्यंत थरथरत होते. समर टायरवर असं पकडलं तर 60 युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट, पण दंडाचं मला काही नाही, मागच्या सीटवर तो होता हेच डोक्यातून जाईना.

नंतर कळलं की गाडी दाखवते ते हवेचं तापमान, रस्ता त्याहून गार असू शकतो, आणि पुलाला तर खालूनही वारा लागतो, जमिनीची ऊब मिळत नाही, म्हणून तो आधी गोठतो. आणि तो बर्फ दिसत नाही, काचेसारखा पातळ थर, खालचं डांबर दिसत राहतं.

टायर बदलले (डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असलेलेच घ्या, नुसती 'एम प्लस एस' ही जुनी खूण आता चालत नाही, आणि नक्षीची खोली 4 मिलिमीटरच्या खाली गेली की बदला, कायदा 1.6 म्हणत असला तरी), पन्नासेक किलोमीटरनंतर चाकांचे नट परत आवळून घेतले, आणि डिसेंबरात एक दिवसाचं ट्रेनिंग केलं. गुळगुळीत पट्टा असतो, त्यावर पाणी सोडतात, आणि शिकवणारे वॉकीटॉकीवरून सांगतात. आधी 30 ने येऊन पूर्ण जोर लावून ब्रेक, मग 50 ने. 50 ला थांबायला जवळजवळ पावणेतीन पट अंतर लागतं, हे मी वाचलेलं होतं पण गाडी कुठे थांबली त्या खुणेचे शंकू मागे मागे जाताना बघितले तेव्हा पोटात कळलं. गाडी वळत नसेल तर स्टिअरिंग अजून पिळायचं नाही, उलट थोडं सरळ करायचं, गॅस सोडायचा, टायरला पकड मिळू द्यायची. मागचं बूड फिरलं तर नजर जायचंय तिकडे, हात आपोआप तिकडे जातात. थांबलेली गाडी उचलताना दुसरा गिअर, क्लच हळू. आणि उतार आल्यावर ते म्हणाले की आधीच खालच्या गिअरला या, ब्रेकवर उतरू नका. अगदी हेच बाबा घाटात म्हणायचे, ज्या गिअरला चढलीस त्याच गिअरला उतर. तिथे गाडीत बसून मला एकदम भरून आलं.

जानेवारीत रात्रभर बर्फ पडला. वीस मिनिटं आधी खाली उतरले, सगळ्या काचा खरवडल्या, समोर नुसतं भोक पाडून निघायचं नाही, टपावरचापण बर्फ झाडला कारण ब्रेक मारला की तो सगळा पुढच्या काचेवर येतो. इंजिन नुसतं चालू ठेवून गरम करायला इथे बंदी आहे, त्यामुळे हात गारठले. पुढच्या गाडीपासूनचं अंतर इथले लोक सेकंदांत मोजतात, जर्मनमध्ये एकवीस, बावीस म्हणायचं, एकेक आकडा म्हणजे एक सेकंद. कोरड्या रस्त्यावर दोन पुरतात, बर्फात दुपटीहून जास्त ठेवायचं. मुलाला हे फार आवडलं, मागून तोच मोजतो, पण मराठीत, आणि मराठीत एकवीस पटकन संपतं म्हणून आम्ही सत्तावीसपर्यंत जायचं ठरवलंय. त्या दिवशी पुलाच्या कितीतरी आधी मी गॅस सोडला, दुसऱ्या गिअरला आले, ब्रेकला पाय लावला नाही, आणि मागून तेवीस, चोवीस चालू होतं.