‘वापर कधीपासून?’ : ट्रेडमार्कचा अर्ज आणि आमच्या भांड्यांच्या दुकानाची ओळख (माझा अनुभव)

ट्रेडमार्कसाठी, म्हणजे व्यापारचिन्हाच्या नोंदणीसाठी, टीएम-ए नावाचा जो अर्ज भरावा लागतो, त्यात एक लहानसा रकाना असतो. हे चिन्ह तुम्ही कधीपासून वापरत आहात, एवढेच तिथे विचारलेले असते. उत्तरादाखल वापर सुरू झाल्याची तारीख लिहायची, किंवा चिन्ह पुढे वापरण्याचा विचार आहे असे नोंदवायचे. माझ्या पहिल्या अर्जात सल्लागाराने दुसरा पर्याय भरला आणि मी तो न वाचता सही केली. नाशिकच्या भांडी बाजारात तीन पिढ्या तांब्यापितळेची भांडी विकणाऱ्या घरातल्या मुलीने, आमचा व्यवसाय अजून सुरू व्हायचा आहे, अशा अर्थाचे लिहून दिले. पुढचे सारे काम मार्गी लागले आहे, तरी त्या रकान्याची आठवण झाली की मला आजही राग येतो, आणि हा अनुभव लिहिण्याचे कारण तोच राग आहे.

आजोबांचे दुकान घागरी, हंडे, घंगाळे, बंब आणि पूजेच्या भांड्यांचे होते. माल जुन्या नाशकातल्या तांबट लेनमधील कारागिरांकडून घडवून यायचा. बाबांच्या काळात स्टेनलेस स्टील आले आणि लोक तांब्यापितळेची जुनी भांडी मोडीत देऊन स्टीलचे डबे नेऊ लागले. मी दुकानात बसू लागले तेव्हा सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांना दिवाळीच्या भेटवस्तू पुरवण्याचे काम मिळाले आणि तेच वाढत गेले. नाव छापलेल्या बाटल्या, मग, जेवणाचे डबे असा माल बाहेरगावाहून यायचा, इथे खोक्यात भरला जायचा आणि पुढे जायचा. पैसे मिळत होते. परंतु एका प्रदर्शनात शेजारच्या गाळ्यावरील बाईंनी ‘ताई, तुम्ही काय बनवता?’ असे सहज विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही, आणि त्या रात्री मला झोपही आली नाही.

त्यानंतर मी एक गोष्ट केली, जी व्यवसायात वाट हरवल्यासारखे वाटणाऱ्या कोणालाही मी आधी करायला सांगेन. मागील तीन वर्षांची बिले काढून एचएसएन क्रमांकाप्रमाणे, म्हणजे जीएसटीच्या बिलावर मालाच्या प्रकारासाठी लिहितात त्या क्रमांकाप्रमाणे, वेगळी केली. तांब्याच्या घरगुती वस्तूंचा क्रमांक ७४१८, लोखंड आणि स्टीलच्या वस्तूंचा ७३२३. ७४१८ ची बिले एका पातळ फाइलमध्ये मावली. आपण अजूनही तांब्यापितळेचे दुकानदार आहोत, असे मी स्वतःला सांगत होते. ती पातळ फाइल हातात घेतल्यावर तसे सांगणे मला शक्य राहिले नाही.

नवे नाव घेतले, ते नोंदवून घेतले, की सगळे ठीक होईल, असे मला तेव्हा वाटले. एका सल्लागाराकडे गेले. त्यांनी शहराचे नाव आणि धातूचे नाव जोडून एक सुटसुटीत इंग्रजी नाव सुचवले, अर्ज ३५ व्या वर्गात टाकला आणि वापराच्या रकान्यात वर सांगितले ते भरले. वस्तू आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. घरगुती भांडी २१ व्या वर्गात येतात, सामान्य धातूंच्या मूर्ती ६ व्या वर्गात, पाणी तापवण्याची साधने ११ व्या वर्गात. ३५ वा वर्ग सेवांचा असून जाहिरात आणि विक्रीसेवा त्यात मोडतात. म्हणजे आम्ही दुसऱ्यांचा माल विकणारे आहोत, असेच त्या अर्जाने म्हटले होते. बिलांचा गठ्ठा पाहिलेला असल्याने मला त्यावर आक्षेपही घेता आला नसता. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाचे ४,५०० रुपये शुल्क पडते. ते मी भरले आणि निर्धास्त झाले.

पुढे काय झाले ते मला बऱ्याच उशिरा कळले. अर्ज तपासून ट्रेडमार्क कार्यालय जो परीक्षण अहवाल देते, तो ईमेलने आला होता, पण अर्जात ईमेल सल्लागारांचा दिलेला होता. अहवाल मिळाल्यापासून एक महिन्यात उत्तर द्यावे लागते, नाहीतर अर्ज सोडून दिला असे धरले जाऊ शकते. मी सहज म्हणून संकेतस्थळावर अर्जाची स्थिती पाहिली, तेव्हा हरकत आल्याचे दिसले आणि हातात नऊ दिवस उरले होते. सल्लागारांना फोन केला तर ‘अहो मॅडम, सगळ्यांनाच येते, ठरलेले उत्तर टाकून देऊ’ असे ते म्हणाले. कृपा करून अर्जात स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक लिहा, आणि अर्जाचा क्रमांक वहीत लिहून ठेवून दर पंधरा दिवसांनी स्थिती स्वतः तपासा.

हरकत ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ९(१) खाली होती. शहराचे नाव माल कुठला आहे ते सांगते, धातूचे नाव माल कशाचा आहे ते सांगते, आणि अशा नावाने एका व्यापाऱ्याचा माल दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही, असा तिचा आशय होता. मी तो मजकूर दुकानाच्या गादीवर बसून तीन वेळा वाचला. कितीतरी महिने मला जे जाणवत होते आणि शब्दांत सांगता येत नव्हते, ते त्या कागदावर कायद्याच्या भाषेत लिहिलेले होते. हरकत मला अन्यायाची वाटली नाही. वर्षानुवर्षांच्या वापराने एखाद्या वर्णनात्मक नावालाही वेगळी ओळख मिळू शकते आणि कायदा ती मानतो. परंतु वापर सुरूच झालेला नाही असे आम्हीच लिहून दिल्यावर तो मार्ग बंद होता. तसेही ते नाव आमचे नव्हतेच. मी अर्ज मागे घेतला. शुल्क परत मिळत नाही.

बाबांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘अगं, आपला बेल होता की. तो का नाही दिलास?’

बेल म्हणजे आजोबांचा ठसा. बेलाचे त्रिदळ आणि त्याखाली आमच्या आडनावाचे आद्याक्षर, एवढी छोटी खूण भांड्याच्या तळाला ठोकलेली असायची. लहानपणी मी ती पाहिली होती आणि नंतर पूर्णपणे विसरले होते. दुसरा अर्ज या ठशाचा करायचा, २१ व्या वर्गात करायचा आणि त्या रकान्यात खरी तारीख लिहायची, हे त्याच दिवशी ठरले. ती तारीख शोधण्यात आमचे सात महिने गेले.

अर्जाच्या तारखेआधीपासून वापर असल्याचा दावा केला, की वापराचे प्रतिज्ञापत्र आणि त्यासोबत पुरावे जोडावे लागतात. पुष्कळ सल्लागार ‘वापरण्याचा विचार आहे’ लिहून मोकळे होतात ते याच कष्टामुळे, असे माझे मत झाले आहे. ही तारीख महत्त्वाची असते, कारण आपल्याकडे आधीपासून सातत्याने वापर करणाऱ्याचा हक्क नंतर नोंदणी करणाऱ्याला हिरावता येत नाही. बाबांचा आग्रह १९५६ चा होता; दुकानाच्या पाटीवर तेच साल आहे. पण अर्ज दुकानाबद्दल विचारत नाही, चिन्हाबद्दल विचारतो. दुकान १९५६ मध्ये सुरू झाले असेल, पण ठसा तेव्हापासूनच मारला जात होता याला आधार काय? यावर आमचे खरेच भांडण झाले. बाबांना वाटले, मी आजोबांच्या शब्दावर अविश्वास दाखवते आहे. प्रतिज्ञापत्रावर माझी सही राहणार होती आणि जे दाखवता येत नाही ते शपथेवर लिहायला मी तयार नव्हते.

माळ्यावरून रोजमेळ आणि खतावण्या काढल्या. काही वह्यांना कसर लागली होती, काहींत आजोबांनी मधेच मोडी लिपीत टिपणे केली होती. ‘ठसा दुरुस्ती, रु. २’ अशी एक नोंद सापडली, पण त्या पानाची वरची कड तारखेसह फाटलेली होती. भांडी शोधायला गेलो तर दुकानात एकही जुने भांडे नव्हते. कसे असणार? मोडीत आलेली आमच्याच ठशाची भांडी आम्हीच वजनावर घेतली होती आणि वितळवायला पाठवली होती. हे लक्षात आले तेव्हा बाबा आणि मी दोघेही गल्ल्यापाशी काही न बोलता बसून राहिलो.

शेवटी मी नातेवाइकांना आणि जुन्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवले, की घरातले जुने भांडे उलटे करून तळाला बेलाचे पान दिसते का ते पाहा आणि फोटो पाठवा. आठवडाभर काही आले नाही. मग पंचवटीतून एका कळशीचा फोटो आला, निफाडहून परातीचा, त्र्यंबकेश्वरहून ताम्हणाचा. आणि सिन्नरहून आत्याने घंगाळाचा फोटो पाठवला. लग्नात आहेराची भांडी नाव घालून देण्याची पद्धत आमच्या कामी आली. घंगाळाच्या काठावर मुलीचे नाव, देणाऱ्या मामांचे नाव आणि ‘वैशाख शके १८८५’ असे कोरलेले होते, आणि तळाला बेल होता. शके १८८५ चा वैशाख म्हणजे १९६३ चे एप्रिल-मे. तोपर्यंत तरी ठसा वापरात होता, हे त्या एका भांड्याने सिद्ध केले. आम्ही अर्जात १ जून १९६३ ही तारीख लिहिली. बाबांनी ती मान्य केली, पण आनंदाने नाही. पाटीवरचे १९५६ तसेच राहील, असे मी त्यांना वचन दिले आहे.

जुना पुरावा मिळाला, तरी अलीकडच्या वर्षांचे काय, ही अडचण उरली होती. २००३ च्या आणि २०१५ च्या सिंहस्थात विकलेल्या गोदावरीच्या पाण्याच्या गडवांची बिले होती आणि त्या छापील बिलांवर बेल होता. परंतु २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर मी संगणकावरील बिले सुरू केली आणि त्यातून तो माझ्याच हाताने निघून गेला. ठसा दुकानात नव्हता. हरवला असेच आम्ही धरून चाललो होतो. आमच्यासाठी ताम्हणे आणि पळ्या घडवणाऱ्या तांबट लेनमधल्या वृद्ध कारागीर काकांकडे मी केवळ चौकशीसाठी गेले. त्यांनी हातातली मठारणी खाली ठेवली, फडताळातून कापडात गुंडाळलेला ठसा काढला आणि सांगितले, की आजोबांनी तो त्यांच्याकडे ठेवायला दिला होता आणि त्यांनी आमच्या मालावर तो मारणे कधी थांबवलेले नाही. ‘ठशाशिवाय तुमचा माल कसा द्यायचा?’ असे त्यांनी मलाच विचारले.

मी दुकानात परत येऊन कपाटातले ताम्हण उलटे केले. बेल होता. दुसरे उलटे केले. त्यावरही होता. मी इतकी वर्षे ही ताम्हणे विकत होते आणि त्यांतले एकही कधी उलटून पाहिले नव्हते. काकांच्या माल पोचवल्याच्या चिठ्ठ्या आम्ही तारा खुपसून टांगून ठेवतो; त्यांवरच्या तारखांनी मधल्या वर्षांचा पुरावा पूर्ण झाला.

पुरावे जोडताना एक काळजी घ्या. भांड्याचे तीन फोटो काढा: पूर्ण भांडे, कोरलेला मजकूर, आणि तळाचा ठसा शेजारी पट्टी ठेवून. तिसऱ्या फोटोत ठसा आणि कोरीव नाव एकाच भांड्यावर आहेत हे कळले पाहिजे. भांड्याच्या मालकाकडून चार ओळींचे सहीचे पत्रही घ्या. प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक तारीख पुराव्याच्या कागदाशी ताडून पाहा. हा अर्ज मी स्वतः भरला. वाचता येणाऱ्या कोणालाही, थोडा धीर ठेवला तर, तो भरता येतो.

त्यानंतरचे टप्पे विनासायास पार पडले. अर्ज स्वीकारला गेला, ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला, विरोधासाठीचे चार महिने कोणाचाही विरोध न येता गेले आणि प्रमाणपत्र आले. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे चालते, मग नूतनीकरण करावे लागते. अर्ज केल्यापासून चिन्हाशेजारी ‘टीएम’ लिहिता येते. वर्तुळातील इंग्रजी ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच लावावा, कारण त्याआधी लावणे हा गुन्हा आहे.

भेटवस्तूंचे काम मी बंद केलेले नाही. घर आणि दोन माणसांचे पगार त्यावर चालतात. फरक इतका, की कंपन्यांकडे जाताना आता पिशवीत तांब्याचा तांब्या असतो आणि या दिवाळीला एका कंपनीने बाटल्यांऐवजी ठसा मारलेले दीडशे तांबे घेतले. फोटो पाठवणाऱ्यांपैकी अनेकांनी नंतर भांडीच दुकानात आणली, कोणी पोचा काढायला, कोणी कल्हईला. त्यामुळे शनिवारी दुकानामागच्या अंगणात कल्हईची भट्टी पेटते, नवसागराचा पांढरा धूर येतो, आणि बाबा, ज्यांचे दुकानात येणे जवळजवळ थांबले होते, ते त्या दिवशी सकाळी नऊलाच येऊन बसतात. मोडीत आलेल्या भांड्याचा तळ आम्ही आधी पाहतो. बेल असेल तर ते वितळवायला जात नाही.

बिलांवर बेल परत आला आहे. सध्या मूर्तींसाठी ६ व्या वर्गाचा अर्ज तयार करते आहे. त्या रकान्यात कोणती तारीख लिहायची यावरून बाबांचे आणि माझे पुन्हा एकमत होत नाही. त्यांच्या मते १९७० च्या आधीचा एक बाळकृष्ण ओझरला कोणाच्या तरी देव्हाऱ्यात आहे. या रविवारी आम्ही दोघे तो पाहायला जाणार आहोत.