अवजलावरचा हिवाळा

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा गरवायला, म्हणजे गळाने धरायला, शिकायचं असेल तर जानेवारीत शिकावं आणि धरणाच्या खालच्या नदीवर शिकावं, हे माझं ठाम मत आहे. इथे अमेरिकेत, डेन्व्हरमधली आमची मंडळी हिवाळा आला की स्कीच्या गप्पा सुरू करतात आणि "एवढ्या थंडीत नदीत काय उभी राहतेस?" म्हणून मला वेड्यात काढतात. प्रत्येकाला वेगळं समजावत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. शनिवार-रविवार माझी ड्यूटी असते, सुट्टी मिळते ती आडवारी. ती मी साउथ प्लॅटवर घालवते. शहरातून वाहते तीच ही नदी, पण मी जाते ती वर डोंगरात, चीझमन धरणाच्या खाली. २८५ नंबरच्या रस्त्याने पाइन जंक्शन, तिथून डावीकडे वळून बफेलो क्रीकवरून डेकर्सच्या दिशेने. डेकर्स यायच्या थोडं आधी गाडी लावायची आणि गिल ट्रेल नावाच्या पायवाटेने घळीत उतरायचं. गुलाबी ग्रॅनाइटचे घराएवढाले धोंडे, पायाखाली त्याचीच झिजून झालेली घसरडी खडी, आणि हिवाळ्यात सावलीच्या बाजूला वाटेवर जमलेला कडक बर्फ. बुटांना काटे लावल्याशिवाय तिथे पाऊल टाकू नये.

धरण १९०५ साली पूर्ण झालेलं, दगडी बांधकामाचं, २२१ फूट उंच. डेन्व्हरच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं. आणि ट्राउटची ही नदी आजच्या रूपात आहे ती त्या धरणामुळेच.

शाळेत आपण सगळ्यांनी 'पाण्याचे असंगत आचरण' पाठ केलंय. होपचं उपकरण, बाजूने बर्फ आणि मिठाचं मिश्रण, वरचा आणि खालचा असे दोन तापमापी. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वात जड असतं, म्हणून ते तळाला जातं आणि बर्फ वर तरंगतो. परीक्षेत त्याला ठरलेले गुण असायचे. ते उपकरण खऱ्या आकारात बघायचं असेल तर चीझमनला यावं. जानेवारीत जलाशयावर बर्फाचा थर असतो, पण तळाचं पाणी चार अंशांच्या आसपासच राहतं, आणि नदीत सोडतात ते हेच खालचं पाणी. बाहेर हवा उणे आठ असली तरी धरणाखाली नदी वाहती, मोकळी. वरच्या, धरण नसलेल्या ओढ्यांमध्ये तेव्हा काठापासून बर्फाची लादी पसरत जाते आणि तळाच्या दगडांनाही बर्फ धरतो. उन्हाळ्यात बरोबर उलट, वर कितीही ऊन तापलं तरी हे पाणी गारच. ट्राउटला हवं ते दोन्ही ऋतूंत मिळतं.

मला ही गोष्ट पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली, कारण मी चिपळूणची. आमच्या वाशिष्ठीला ऐन मे महिन्यात पाणी असतं ते कोयनेच्या अवजलामुळे, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेल्या पाण्यामुळे. सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी आणलेलं कोयनेचं पाणी पोफळीला वीज करतं आणि मग वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला जातं. वर वीज किती काढतात त्यावर आमच्याकडे नदीचं पाणी चढायचं-उतरायचं. मामा गरवायला निघाला की आधी काठावरच्या दगडावरची ओल बघायचा, पाणी चढतंय की उतरतंय ते. मी तेच इथे फोनवर बघते. नदीवर मापनाची जागा आहे, विसर्ग किती क्युसेक ते संकेतस्थळावर दिसतं. पावसाळ्यात कोयनेचे दरवाजे उघडल्यावर बातम्यांत हजारांचे आकडे ऐकलेल्या माणसाला इथला हिवाळी आकडा फारच किरकोळ वाटेल, कधीकधी शंभराच्या आसपास. पण तेवढ्या पाण्यात नदी काचेसारखी होते, आणि म्हणूनच शिकायला ती उत्तम.

थंड पाण्यात ट्राउटचं शरीर मंद चालतं. त्याला अन्न थोडं लागतं आणि ते मिळवायला ताकद घालवणं परवडत नाही. म्हणून उन्हाळ्यातल्या खळाळत्या धारा सोडून तो डोहांत, संथ पाण्यात, तळाशी जातो. जिथे वेगाच्या पाण्याची आणि संथ पाण्याची शीव असते, तिथे तो संथ बाजूला नाक धारेकडे करून थांबतो आणि वाहत येईल ते खातो. हिवाळ्यात अन्नासाठी तो फूटभरही सरकायला तयार नसतो. म्हणजे माशी (गळावर दोरा, पिसं बांधून केलेला नकली किडा) त्याच्या तोंडासमोरूनच गेली पाहिजे, त्याच्याच पातळीवर, पाण्याच्याच वेगाने. उन्हाळ्यात अंदाजपंचे टाकलेल्या माशीवरही मासा झेपावतो आणि आपल्याला जमलं असं वाटतं. जानेवारीत तसं होत नाही. जागा आधी शोधावी लागते.

मी सुरुवातीला अर्धा-पाऊण तास रॉड जोडतच नाही. धोंड्यावर बसून नुसतं पाहते. आधी काहीच दिसत नाही, तळाचे दगड आणि त्यांवर हलणारी उन्हाची जाळी. मग तांदूळ निवडताना एकाएकी खडा दिसावा तशी एक सावली दिसते. सावली दिसली की तिच्या थोडं वर राखाडी-हिरवं अंग दिसतं, आणि मधूनच पांढरी उघडझाप. ते त्याचं तोंड. मासा खातोय. एक दिसला की शेजारचे तीन दिसतात, मघापासून तिथेच असलेले.

खातोय काय? चिलटं. इंग्रजीत ज्यांना मिज म्हणतात ती. थंडीत बाकीचे बहुतेक किडे तळाशी दडलेले असतात, पण ही चिलटं बारा महिने निघतात, अगदी बर्फ पडत असतानाही. दिवसातले सर्वात उबदार तास, साधारण अकरा ते दोन, ही त्यांची वेळ आणि म्हणून माझीही. पहाटे उठून जाण्यात काही अर्थ नसतो, हे हिवाळ्याचं आणखी एक सुख. तळाचा दगड उलटून पाहिला तर त्यावर केसाएवढ्या अळ्या वळवळताना दिसतात, काही चक्क लाल. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा. गाळात प्राणवायू कमी असतो, तो धरून ठेवायला या अळ्यांकडे आपल्याच रक्तातल्या रंगद्रव्याचा भाऊबंद आहे. आठवडाभर ज्याचं प्रमाण मोजण्यात माझा दिवस जातो, ते ओल्या दगडावर वळवळताना दिसलं तेव्हा मी किती वेळ तो दगड हातात धरून बसले होते! पुन्हा जिथल्या तिथे, त्याच बाजूने ठेवला.

त्यामुळे माझ्या डबीतल्या माश्याही तेवढ्याच. गळ २२ किंवा २४ नंबरचा, त्यावर काळा किंवा लाल दोरा, वर तांब्याच्या तारेचे दोन-चार वेढे, डोक्याला बारीक मणी. करंगळीच्या नखावर अशा दोन-तीन सहज मावतात. डबीच्या एका कप्प्यात फक्त आरएस-टू. ही माशी रिम चुंग या कोरियात जन्मलेल्या, डेन्व्हरमध्ये स्थायिक झालेल्या माणसाने १९७०च्या दशकात याच नदीसाठी तयार केली. थोडी लोकर, शेपटीचे दोन तंतू, पंखाच्या जागी पिसाचा तुकडा, बस्स. आज अमेरिकेत धरणाखालच्या बहुतेक नद्यांवर ती लोकांच्या डबीत असते. दुरून आलेल्या माणसाने इथल्या पाण्याकडे इतकं नीट पाहिलं की इथल्यांना त्याची माशी घ्यावी लागली, याचा मला परक्या देशात राहणारी म्हणून फार आधार वाटतो.

मांडणी साधी असते. बारीक दोऱ्यावर दोन माश्या, त्यांच्यावर शिशाचा कणभर मणी, आणि वर तरंगायला लोकरीचा छोटा गोंडा. माशाच्या बरंच वर टाकायचं, म्हणजे माशी खाली जायला वेळ मिळतो. गोंडा धारेबरोबर निघाला की वरचा जाड दोरा उचलून धारेच्या वरच्या बाजूला टाकायचा, नाहीतर मधलं वेगाचं पाणी दोरा ओढतं आणि माशी फरफटत जाते. फरफटणारं चिलट मासा खात नाही. खरं चिलट कधी तसं जातच नाही. टाकलेलं फुकट गेलं तर जागा बदलण्याआधी वजन बदलावं, एक मणी जास्त किंवा एक कमी. हिवाळ्यात दोन इंचांचा फरक सगळं ठरवतो.

आणि मासा लागल्याची खूण? झटका वगैरे काही नाही. गोंडा वाहता वाहता अडखळतो, एवढंच. पुष्कळदा मी गोंड्याकडे बघतही नाही, माशाकडे बघते. पांढरी उघडझाप झाली, की अलगद रॉड उचलते.

थंडीचे काही त्रास आहेत. रॉडच्या कड्यांमध्ये पाणी गोठून बर्फ होतो आणि दोरा अडकतो. अशा वेळी रॉडचं टोक पाण्यात बुडवून धरावं, पाणी हवेपेक्षा गरम असतं, बर्फ सुटतो. नखाने टोकरू नये, कडी वाकते. काठावरच्या बर्फाच्या लादीवर मात्र कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून उभं राहू नये. खालून पाणी तिला पोखरत असतं.

आता जे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते. चीझमनच्या घळीत धरलेला प्रत्येक ट्राउट सोडायचाच, असा नियम आहे. पण नियम पाळूनही मासा मारता येतो. हवा शून्याखाली असताना मासा पाण्याबाहेर काढला तर कल्ल्यांचे नाजूक तंतू गोठू शकतात. तो पोहत जाताना दिसतो, फोटो छान आलेला असतो, आणि नंतर तो जगतो की नाही ते आपल्याला कळत नाही. म्हणून हिवाळ्यात माझ्याकडे माशांचे फोटो नाहीत. गळाचा उलटा काटा घरीच पकडीने दाबून सपाट करते. रबराची जाळी पाण्यातच ठेवते, हात ओला करते, चिमट्याने गळ फिरवला की सुटतो. मासा स्वतःहून निघतो.

दुसरी गोष्ट पायांची. ब्राऊन ट्राउट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अंडी घालतात. मादी कुशीवर होऊन शेपटीने खडी उकरते, अंडी घालते, वर खडी लोटते. ती अंडी आख्खा हिवाळा खडीखाली असतात. उथळ पाण्यात आजूबाजूपेक्षा स्वच्छ, फिकट दिसणारा खडीचा लांबट गोल पट्टा दिसला तर तिथे पाय ठेवायचा नाही. मला कुणी त्यावरून चालताना दिसलं, तर ओळख नसली तरी मी जाऊन सांगते. बहुतेकांना माहीत नसतं, आणि सांगितल्यावर लगेच बाजूला होतात.

"मासे आणले नाहीस तर गेलीस कशाला गो?" हा आईचा दर वेळचा प्रश्न. तो अगदी रास्त आहे. आमच्याकडे गरवणं म्हणजे संध्याकाळचं कालवण. मामाने आणलेले मळे मासे साफ करतानाच आम्ही मुलं माशाची आतली रचना शिकलो, आणि मी लॅबमध्ये पोचले त्याचं मूळ कुठेतरी त्या विळीपाशी आहे. खाण्यासाठी मासा धरण्यात मला काही गैर वाटत नाही. पण या घळीवर मोठ्या शहराची सगळी माणसं येतात. प्रत्येकाने एक-एक नेला तर डोह रिकामे व्हायला एक हिवाळा पुरे. तिला हे पटतं. पुढच्या वेळी पुन्हा विचारते.

धरणांबद्दल माझ्या मनात एकच एक भावना नाही. चीझमननं ही नदी घडवली, आणि हिच्याच खालच्या अंगाला टू फोर्क्स नावाचं दुसरं, कितीतरी उंच धरण बांधायचं ठरलं होतं, ते झालं असतं तर डेकर्सच्या खालचं हे सगळं पात्र बुडालं असतं. १९९०मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेने त्याला नकार दिला. डोंगरापलीकडे सिल्व्हरथॉर्नला ब्लू नदी आहे, डिलन धरणाच्या खाली, चक्क दुकानांच्या रांगेला लागून. तिथे जलाशयात सोडलेली इवलीशी मायसिस कोळंबी दरवाज्यांतून वाहून येते आणि ती खाऊन ट्राउट गलेलठ्ठ होतात. पण धरणासाठी जुनं डिलन गाव उठवावं लागलं. त्या जलाशयाचं पाणी रॉबर्ट्स बोगद्याने, ३७ किलोमीटर डोंगराखालून, पश्चिमेकडून पूर्वेकडे वळवून साउथ प्लॅटच्या उत्तर फाट्यात सोडतात. कोयनेचं पूर्वेकडचं पाणी पश्चिमेला आणतात, तर इथे उलट दिशा. कोयनेच्या खोऱ्यातून उठलेल्या कुटुंबांची मुलं माझ्या वर्गात होती. काचेसारख्या पाण्याचं कौतुक करताना मी ती विसरत नाही.

डेन्व्हरच्या आसपास राहणाऱ्या कुणाला यायचं असेल तर फेब्रुवारीतला वाऱ्याचा नसलेला आडवार धरा. परवाना आधी काढून ठेवा. वेडर्सच्या (पाण्यात उभं राहायच्या जलरोधक विजारीच्या) आत लोकरीचे मोजे, आणि बूट एक माप मोठे, कारण बोटं आवळली की रक्त फिरत नाही आणि दोन मोजे घालूनही पाय बधिर होतात. फेल्टच्या तळव्याचे बूट नकोत, त्यांना बर्फ चिकटून गोळे होतात. गाडीत कोरड्या कपड्यांचा एक जोड. माश्या, दोरे आणि आल्याचा चहा माझ्याकडे असेल. डेकर्सच्या आसपास मोबाइलला रेंज नसते, तेव्हा घरी परतायची वेळ सांगून निघा.