मेसचे पैसे गावानं भरले, माझा शिष्यवृत्तीचा अनुभव

आमचं गाव आटपाडी तालुक्यात, जिल्हा सांगली. शेती पावसावर, त्यामुळं घरटी एक तरी माणूस गलाईला बाहेर, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, कुणी केरळात कुणी कोलकात्यात कुणी दिल्लीत. ह्याच लोकांनी मिळून पोरांच्या कॉलेजसाठी गावात एक फंड केलाय आणि माझं इंजिनिअरिंग त्याच्यावर झालं, म्हणून लिहितेय.

2021 ला माझा कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, नंबर लागला. ओबीसी असल्यानं निम्मी फी सरकारकडून, उरलेली आपण भरायची. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, दोन जर्सी गायींतली एक विकून पहिल्या वर्षाची फी भरली, पण रूम आणि मेस? दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येणार आणि मेसवाल्या काकू महिन्याचे पैसे आधी घेणार, हे गणित बसतच नव्हतं.

फंडाचं काम रिटायर्ड गुरुजी बघतात. आई म्हणाली जा गुरुजींकडं, आबा म्हणाले अजिबात नाही, दुसऱ्याच्या पैशावर शिकायचं नाही. दोन दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं. मग आजी बोलली. आजीचं माहेर कराडकडचं. तिची आई रोज दळणाआधी मूठभर ज्वारी बाजूला काढायची, कर्मवीर अण्णांच्या, म्हणजे भाऊराव पाटलांच्या, बोर्डिंगच्या पोरांसाठी. अण्णांनी 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं आणि पोरांना घालायला धान्य नव्हतं तेव्हा त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे आपण शाळेत शिकतोच, पण आजी आबांना एवढंच म्हणाली, "आमची मूठ ज्या पोरांनी खाल्ली ती भिकारी होती का रं?" आबा उठून गोठ्यात गेले. सकाळी त्यांनीच माझ्या मार्कलिस्टची झेरॉक्स काढून आणली.

फॉर्म एका पानाचाच होता. कागद मात्र सगळे लागले, बारावीचं मार्कलिस्ट, कॅपचं अलॉटमेंट लेटर, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, फी भरल्याची पावती. दाखल्याला वेळ जातो, ज्यांना कुठल्याही शिष्यवृत्तीला अर्ज करायचाय त्यांनी रिझल्टची वाट न बघता आधीच काढून ठेवा.

मग गुरुजी आणि कमिटीतल्या एक काकी घरी आल्या. मला वाटलेलं मार्क विचारतील. काकींनी आईला विचारलं, "पैसं कुठल्या महिन्यात कमी पडत्यात?" आईनं डेअरीच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून समोर ठेवल्या आणि मार्च ते जून गाय आटते तेव्हा असं सांगितलं. गुरुजींनी ते वहीत लिहून घेतलं. पुढं चारही वर्षं मेसचे पैसे थेट मेसवाल्या काकूंना दर महिन्याला गेले आणि मार्च ते जून रूमचं भाडंसुद्धा फंडानं दिलं. इतकं बारकाईनं विचारलेलं मी दुसरीकडं कुठं बघितलं नाही.

अट एकच, प्रत्येक सेमचा रिझल्ट दाखवायचा. तिसऱ्या सेमला माझा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला. एटीकेटी लागली तर पैसे बंद होणार असं मीच मनात धरलं आणि आठ दिवस गुरुजींचा फोन उचलला नाही. शेवटी फंडात ज्या गलाईवाल्या दादांच्या नावानं माझी मदत होती त्यांनीच केरळातून फोन केला. ते सातवीनंतर गलाईला गेलेले, भट्टीसमोर ॲसिडच्या धुरात मोठे झालेले. म्हणाले, "एक विषय राहिला म्हणून कुणी जेवायचं बंद करतं का? क्लास लाव, पैसं मी गुरुजींकडं देतो." मी फोनवर रडले. एम-थ्री पुढच्या परीक्षेत निघाला, 58 मार्क.

2024-25 पासून सरकारनं 8 लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली, माझं शेवटचं वर्ष त्यात बसलं. खूप मोठी गोष्ट आहे ही. पण त्यामुळं ह्या वर्षी जत्रेला सगळे गलाईवाले गावी आल्यावर मीटिंगमध्ये विषय निघाला की आता मुलींना फंडाची गरज काय, पैसे मुलांनाच देऊ. विचारणं चुकीचं नव्हतं, पण मी उठले आणि माझी चार वर्षांची खर्चाची वही गुरुजींच्या हातात दिली. मेस, रूम, एसटी पास, झेरॉक्स, प्रोजेक्ट. गुरुजींनी ती मोठ्यानं वाचली, पानं उलटत, मधे कुणीच बोललं नाही, कारण गावातली पोरगी फी नाही म्हणून नाही, राहायचं-खायचं जमत नाही म्हणून परत येते हे बसलेल्या प्रत्येकाच्या घरात कधीतरी घडलेलं होतं.

ठरलं असं, मुलींना फी नाही, मेस आणि रूम पूर्ण. ह्या वर्षी तीन मुलींचे फॉर्म आलेत, आणि काकींबरोबर घरी जाऊन तो महिन्याचा प्रश्न विचारायला आता मी जाते.